आगमनकाळ : ख्रिस्ती श्रद्धेतील जागे राहण्याचे दिवस

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत नाताळचे तारे लागू लागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुकानांच्या काचांमागे कापसाचा बर्फ आणि लाल टोपीतला सांताक्लॉज हजर झालेला असतो. याच दिवसांत एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये डोकावणाऱ्याला मात्र निराळेच दृश्य दिसते. वेदीवरची फुले कमी झालेली असतात, धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा झगा असतो आणि मिस्सामधले एरवी म्हटले जाणारे गौरवगीत वगळलेले असते. बाहेर नाताळ सुरू झालेला असतो, आत तो अजून यायचा असतो.

नाताळपूर्वीच्या या चार आठवड्यांना मराठी ख्रिस्ती समाजात ‘आगमनकाळ’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘आद्वेन्तुस’, म्हणजे येणे. ३० नोव्हेंबर या संत आंद्रिया यांच्या सणाला सर्वांत जवळ जो रविवार येतो, त्या दिवशी हा काळ सुरू होतो. त्यामुळे त्याचा प्रारंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही होऊ शकतो. चर्चचे उपासनावर्षही याच रविवारी सुरू होते. ख्रिस्ती वर्षाचा पाडवा १ जानेवारीला नसून तो येथे आहे, ही गोष्ट बिगरख्रिस्ती वाचकांना सहसा ठाऊक नसते.

या पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचला जाणारा शुभवर्तमानातील उतारा बाळ येशूचा नसतो, गोठ्याचा नसतो, मेंढपाळांचाही नसतो. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरवले. त्यातील कोणतेही वर्ष घेतले तरी पहिल्या रविवारी जगाच्या शेवटाविषयीचाच उतारा येतो : एका वर्षी मत्तयाचा, दुसऱ्या वर्षी मार्कचा, तिसऱ्या वर्षी लूकचा. तिन्हींचे सांगणे एकच, की धनी केव्हा परत येईल ते कोणाला ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा करणारा योहान येतो आणि १७ डिसेंबरनंतरच चर्चची दृष्टी बेथलेहेमकडे वळते. थोडक्यात, आगमन म्हणजे केवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा जन्म नव्हे. ख्रिस्त पुन्हा येणार आहे, या श्रद्धेचा तो काळ आहे; आणि जो केव्हाही येऊ शकतो त्याच्यासाठी रोजच्या जगण्यात तयार कसे असावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

तेल संपलेल्या दिव्यांची कथा

या सज्जतेचा सर्वांत परिचित दाखला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहत असतात. पाच जणींनी दिव्यांबरोबर तेलाची भांडीही आणलेली असतात, पाच जणींनी आणलेली नसतात. वराला उशीर होतो. मध्यरात्री हाकाटी होते, तेव्हा दुसऱ्या पाच जणींचे दिवे विझू लागलेले असतात. त्या तेल मागतात, ते मिळत नाही. विकत आणायला जातात, तोवर वर येऊन दार बंद होते.

या कथेतील एक तपशील प्रवचनांत बहुधा निसटतो. डुलकी दहाही जणींना लागली होती. शहाण्या कुमारी रात्रभर डोळे ताणून बसल्या नव्हत्या, त्याही झोपल्याच. फरक झोपेचा नाही, तेलाचा आहे. ख्रिस्ती परंपरेतील सज्जतेचा अर्थ समजून घेताना हा तपशील कळीचा ठरतो. ती अखंड तणावाची अवस्था नाही. बेसावध क्षण आला तरी निभावेल इतका साठा आधीपासून करून ठेवणे, असे तिचे स्वरूप आहे.

मग हे तेल म्हणजे काय? यावर चर्चच्या आचार्यांमध्ये एकमत नाही. चौथ्या शतकातील संत जॉन क्रिझोस्तम यांच्या मते तेल म्हणजे दानधर्म, आणि ते विकणारे दुकानदार म्हणजे चर्चच्या दाराशी बसलेले गरीब. त्यांच्या हातावर जे ठेवले जाते त्यातूनच दिव्याचे तेल मिळते, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. संत ऑगस्टिन यांनी तेलाचा अर्थ प्रीती असा लावला, तर मार्टिन ल्यूथर यांनी तेथे श्रद्धा पाहिली. शहाण्या कुमारींनी तेल वाटून का घेतले नाही, हा प्रश्नही प्रत्येक पिढीतील वाचकाला खुपत आला आहे. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा देणाऱ्या गुरूच्या कथेत हा आपमतलबीपणा कसा, असे विचारले जाते. यावरचे पारंपरिक उत्तर असे, की काही गोष्टी उसन्या मिळत नाहीत. दुसऱ्याने घडवलेला स्वभाव ऐनवेळी मागून आणता येत नाही. उत्तर पटण्याजोगे असले, तरी बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या पाच जणींबद्दलची हळहळ त्याने पुरती शमत नाही. जर्मनीतील माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातील शिल्पकाराने त्यांचे रडवेले चेहरे दगडात कोरले आहेत. ते पाहताना प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी, याविषयी त्या शिल्पकाराच्या मनात शंका दिसत नाही.

याच अध्यायात पुढे आणखी दोन कथा येतात. एकीत धन्याने सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या भित्र्या चाकराची कानउघाडणी होते. दुसरीत न्यायाच्या दिवशी लोकांची विभागणी होते, आणि ती करताना भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटले का, एवढेच विचारले जाते. नवल असे, की ज्यांनी हे केले त्यांनाही आपण कोणाची सेवा करीत होतो याची कल्पना नसते. तिन्ही कथा एका पाठोपाठ वाचल्या, तर जागे राहणे म्हणजे आकाशाकडे डोळे लावून बसणे नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काम सोडून बसलेले थेस्सलनीकाकर

परंतु पहिल्याच पिढीत नेमका हाच घोटाळा झाला. ख्रिस्त लवकरच परतणार, या अपेक्षेवर आरंभीची मंडळी जगत होती. ‘मारानाथा’, म्हणजे ‘आमच्या प्रभो, ये’, हा अरामी भाषेतील उद्गार त्यांच्या ओठी होता. ग्रीक भाषेत लिहिलेल्या पौलाच्या पत्रातही तो मूळ अरामी रूपातच राहिला, इतका तो रुळलेला होता. थेस्सलनीका या ग्रीक शहरातील काही जणांनी त्यातून असा निष्कर्ष काढला, की आता कामधंदा करण्यात अर्थ नाही. पौलाने त्यांना पत्राने खडसावले. जो काम करू इच्छित नाही त्याने जेवूही नये, हा त्याचा आदेश त्या प्रसंगातला आहे. आधुनिक काळात हे तत्त्व अर्थकारणाच्या वादांत वापरले गेले, अगदी सोव्हिएत राज्यघटनेतही पोहोचले. मूळ संदर्भ मात्र जगबुडीची वाट पाहत हात बांधून बसलेल्यांचा होता.

अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रसंग याच्या उलट टोकाचा आहे. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंड प्रांतात भर दुपारी अंधार पडला. वणव्यांचा धूर आणि दाट ढग यांमुळे तो पडला असावा, असे आता मानले जाते. त्या वेळी लोकांना मात्र न्यायाचा दिवस उजाडल्यासारखे वाटले. कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती आणि ती तहकूब करण्याची सूचना आली. सदस्य अब्राहम डेव्हनपोर्ट यांनी तिला विरोध केला. न्यायाचा दिवस आला नसेल तर तहकुबीचे कारण नाही आणि आला असेल तर आपण कर्तव्य करताना सापडावे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. त्यांनी मेणबत्त्या मागवल्या आणि कामकाज पुढे चालवावे असे सुचवले. ख्रिस्ती सज्जतेची व्याख्या करण्यासाठी अनेक ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या मेणबत्त्यांइतके नेमके उत्तर त्यांत क्वचितच सापडते.

उद्या जग बुडणार असले तरी आज आपण सफरचंदाचे रोप लावू, हे वाक्यही याच संदर्भात हमखास उद्धृत केले जाते आणि ते ल्यूथर यांच्या नावावर खपवले जाते. ल्यूथर यांच्या लेखनात ते आढळत नाही. त्याचा पहिला लेखी पुरावा १९४४ मधील, म्हणजे महायुद्धाने होरपळलेल्या जर्मनीतील आहे.

उपवासापासून मेणबत्त्यांपर्यंत

आगमनकाळाची सुरुवात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, पाचव्या-सहाव्या शतकात झालेली दिसते. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची तेथे प्रथा होती. रोममध्ये त्याला चार रविवारांचे आटोपशीर रूप मिळाले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले ग्रेगरी पहिले यांच्याशी ही रचना जोडली जाते. मिलान शहराच्या अँब्रोझियन परंपरेत आजही हा काळ सहा आठवड्यांचा आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च नाताळपूर्वी चाळीस दिवस उपवास पाळतात, तर केरळमधील सिरियन ख्रिस्ती समाजात १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा ‘नोंबू’ असतो. त्यात मांसाहार वर्ज्य असतो. मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झालेली अनेक मल्याळी कुटुंबे तो कटाक्षाने पाळतात. जाता जाता, ‘ग्रेगरी’ हे नावच मुळी ‘जागे राहा’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आले आहे. शुभवर्तमानातील आज्ञेतही तेच क्रियापद आहे.

पश्चिमी चर्चमध्ये उपवासाचा कडकपणा कालांतराने ओसरला. त्या जागी घरगुती चिन्हे आली. चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे हे त्यांतील आज सर्वाधिक रूढ चिन्ह. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटवायची; तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, कारण तो रविवार आनंदाचा मानला जातो. हे कडे फार पुरातन असावे असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा उगम १८३९ मधील आहे. हांबुर्ग येथे अनाथ व निराधार मुलांसाठी संस्था चालवणारे प्रॉटेस्टंट पाळक योहान हिन्रिख विखर्न यांना मुले रोज विचारीत, की नाताळ आला का? त्यांनी एका गाडीच्या चाकावर साध्या दिवसांसाठी छोट्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. मुलांना वाट पाहणे मोजता येऊ लागले. प्रॉटेस्टंट अनाथालयातील ही युक्ती पुढे कॅथलिक चर्चांतही पोहोचली आणि तिथून वसईच्या वेदीपर्यंत आली.

दिवसाचे तीन टोल, रात्रीचा हिशेब

वर्षातले चार आठवडे हे झाले. रोजच्या दिवसाचे काय? येथे कॅथलिक परंपरेने बरीच व्यवहारी योजना केली आहे. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी चर्चची घंटा होते आणि हातातले काम थांबवून ‘आंजेलूस’ ही छोटी प्रार्थना म्हटली जाते. फ्रेंच चित्रकार मिले यांचे बटाट्याच्या शेतात मान झुकवून उभ्या असलेल्या जोडप्याचे चित्र याच प्रार्थनेचे आहे. प्रार्थना मिनिट-दोन मिनिटांची असते आणि तिचे मोलही त्यातच आहे. ती दिवसाचे काम सोडायला सांगत नाही, कामाला मध्ये तीनदा खीळ घालते. घड्याळे घरोघरी पोहोचण्यापूर्वी वसईच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या गावांतून याच घंटेवर दिवसही मोजला जाई. शहरातल्या फ्लॅटमध्ये घंटा ऐकू येत नाही; काही जण मोबाइलवर गजर लावून ठेवतात.

दुसरी योजना येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची. सोळाव्या शतकातील हा स्पॅनिश सरदारपुत्र लढाईत पाय मोडल्यामुळे अंथरुणाला खिळला आणि तेथून त्याचे आयुष्य बदलले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात आत्मपरीक्षणाची एक पद्धत आहे. प्रथम दिवसाबद्दल आभार मानायचे, मग स्वतःकडे स्वच्छ पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा, त्यानंतर तासातासाने दिवस आठवायचा, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर इग्नेशियस यांनी त्यासाठी चक्क तक्ता आखून दिला आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा, आणि दोष घडेल तितके ठिपके. कालच्यापेक्षा आज ठिपके कमी झाले का, हे पाहायचे. सैनिकाच्या शिस्तीची ही खतावणी आहे. क्रम लक्षात घेण्यासारखा : आधी कृतज्ञता, मग दोष. उलट क्रमाने केले तर त्याचे रूपांतर स्वतःला टोचण्यात होते, असे आध्यात्मिक मार्गदर्शक बजावतात. इग्नेशियस यांचे सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचा ३ डिसेंबरचा सण आगमनकाळाच्या आरंभीच येतो आणि त्यापूर्वी नऊ दिवस जुन्या गोव्यात नोव्हेनासाठी गर्दी लोटते.

प्रार्थनेच्या ठरावीक वेळा ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचे उदाहरण दिले जाते. हे पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाकघरात राबणारे साधे बंधू होते. उतारवयात ते वहाणा दुरुस्त करीत. भांड्यांच्या खडखडाटातही वेदीसमोर असल्यासारखेच ईश्वरसान्निध्य अनुभवता येते, एवढेच त्यांचे सांगणे. त्यांची पत्रे आणि त्यांच्याशी झालेली संभाषणे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ती प्रॉटेस्टंट घरांतही तितक्याच आवडीने वाचली जातात.

३१ डिसेंबरची रात्र

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सज्जतेची सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘वॉच नाइट’. ३१ डिसेंबरच्या रात्री शहर जल्लोषात असताना अहमदनगर (आता अहिल्यानगर), पुणे, मुंबई येथील अनेक चर्चांत लोक जमतात. सरत्या वर्षाबद्दल आभार मानले जातात, चुका कबूल केल्या जातात आणि बाराचा ठोका प्रार्थनेत ऐकला जातो.

या प्रथेची मुळे अठराव्या शतकातील मोरेव्हियन आणि मेथॉडिस्ट मंडळ्यांत आहेत. इंग्लंडमधील किंग्जवूडच्या कोळसा खाणींतील कामगार पूर्वी ज्या रात्री दारूच्या गुत्त्यात घालवीत, त्या ते मेथॉडिस्ट झाल्यावर प्रार्थनेत घालवू लागले. जॉन वेस्ली यांनी ही रीत उचलून धरली. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चांत या रात्रीला वेगळेच वजन प्राप्त झाले. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री ते चर्चांत जमले होते, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, अध्यक्ष लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा अमलात येणार होती. त्या रात्री ज्याची वाट पाहिली जात होती ते परलोकातले नव्हते. त्या समाजात ती रात्र आजही पाळली जाते.

तारखा सांगणाऱ्यांचा उपद्रव

जेथे वाट पाहणे आहे तेथे तारीख विकणारेही येतातच. त्या दिवसाची व घटिकेची माहिती देवदूतांनाही नाही, असे येशूने सांगितल्याची नोंद शुभवर्तमानात असूनही हा उद्योग थांबलेला नाही. न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी-प्रवचनकार विल्यम मिलर यांनी बायबलमधील आकडेमोडीवरून पुनरागमनाचा काळ काढला आणि अखेर त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काही शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतच राहू दिले, काढायचे कोणासाठी? तो दिवस आला तसा गेला. इतिहासात त्याची नोंद ‘महान निराशा’ अशी झाली. (पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले होते, ही कथा मात्र संशोधकांनी निराधार ठरवली आहे.) निराश झालेल्यांपैकी काहींनी शास्त्राचा नव्याने विचार केला आणि त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. त्या चर्चने तारखांचा नाद सोडला आणि शाळा, रुग्णालये, आहारविषयक शिस्त यांवर भर दिला. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच चर्चची.

सगळ्याच कहाण्यांना असे वळण मिळाले नाही. दक्षिण कोरियात ली जांग रिम या प्रवचनकाराने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख जाहीर केली. अनेकांनी नोकऱ्या सोडल्या, मालमत्ता विकून पैसे त्याच्या संघटनेला दिले. पोलिसांनी त्याला पकडले तेव्हा त्याने स्वतः त्या तारखेनंतर मुदत पूर्ण होणारे रोखे घेतल्याचे उघड झाले. फसवणुकीबद्दल त्याला तुरुंगवास झाला. अमेरिकेतील रेडिओ प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर ऑक्टोबरची दिली, आणि २०१२ मध्ये तारीख सांगणे हीच आपली चूक असल्याचे लेखी मान्य केले. या प्रकारांत सर्वाधिक नुकसान होते ते ज्यांच्या गाठीशी थोडेच असते त्यांचे. मुख्य प्रवाहातील चर्चेस यापासून कटाक्षाने दूर राहतात. मात्र समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचतातच, आणि भूकंप किंवा युद्धाच्या बातमीनंतर त्यांना नव्याने पंख फुटतात.

मराठी मातीतील रूपे

मराठीत या विषयाचा पहिला मोठा आविष्कार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आहे. गोव्यातील राशोल येथून १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा येतात आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिला भाग एका अर्थाने प्रदीर्घ आगमनकाळच आहे. तारणारा येणार, या वचनाच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणाऱ्या लोकांची ती गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासना लोकभाषेत आली आणि वसईतील मिस्सा मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने पुढे हे दाखले आजच्या मराठीत आणले. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वसई पट्ट्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत आगमनकाळ दोन पातळ्यांवर चालतो. एकीकडे चर्चमध्ये प्रवचनमाला, पापनिवेदनासाठी लागणाऱ्या रांगा आणि गरजू कुटुंबांसाठी धान्य-कपड्यांचे संकलन. दुसरीकडे घरात फराळाची तयारी, रंगरंगोटी, गोठ्याचा देखावा. अनेक घरांतला गोठा २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामाच ठेवतात. मरिया, योसेफ, बैल, गाढव सारे असतात, गव्हाणीतले बाळ तेवढे नसते. करंज्या तळताना सज्जतेचा विचार कोणाच्या मनात असतो, असे विचारता येईल. पण फराळाची पहिली ताटे शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरी आणि ज्यांच्याकडे त्या वर्षी दुःख झाले आहे त्यांच्याकडे जातात. मत्तयाच्या तिसऱ्या कथेपासून हे फारसे लांब नाही.

केडगावचे उदाहरण अधिक कठोर आहे. पंडिता रमाबाई यांनी पुण्यापासून काही अंतरावर केडगाव येथे आधीच जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा हीच जमीन कामी आली आणि ‘मुक्ती’ उभे राहिले. विहिरी, शेती, गोठे, विणकाम, छापखाना असे सारे तेथे बायकांनी चालवले. रमाबाई पहाटेच्या प्रार्थनेबाबत जितक्या काटेकोर होत्या तितक्याच धान्याच्या हिशेबाबाबत. वयाच्या उत्तरार्धात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासाठी प्रभूची वाट पाहणे आणि येणाऱ्या गाडीतून किती उपाशी मुली उतरतील याची वाट पाहणे, ही दोन वेगळी कामे नव्हती.

अखेरच्या घटकेची तयारी

सज्जतेचा विचार शेवटी मृत्यूपाशी येऊन थांबतो. चौदाव्या शतकातील प्लेगच्या साथीत युरोपातील माणसे इतक्या वेगाने दगावली, की अखेरच्या विधीसाठी धर्मगुरू पोहोचेनात. त्यानंतरच्या शतकात ‘मरणाची कला’ या नावाच्या छोट्या पुस्तिका निघाल्या. मरणासन्न माणसाला कोणते मोह होतात, शेजाऱ्यांनी त्याला काय विचारावे, कोणत्या प्रार्थना म्हणाव्यात हे त्यांत लाकडी ठशांच्या चित्रांसह दिलेले असे, म्हणजे धर्मगुरू नसले तरी अडू नये. इंग्लंडमधील जेरेमी टेलर यांनी या परंपरेला पुढचे वळण दिले. त्यांनी १६५० मध्ये पवित्र जगण्यावर पुस्तक लिहिले आणि १६५१ मध्ये पवित्र मरणावर. क्रम हाच होता. नीट मरण्याची तयारी अंथरुणावर सुरू करता येत नाही, असे त्यांचे मत होते.

नाझी राजवटीत बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असलेल्या दोघांनी आगमनकाळावर लिहिले, तेही या परंपरेतच मोडते. ल्यूथरन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मधील एका पत्रात तुरुंगाच्या कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली, कारण कोठडीचे दार आतून नव्हे, बाहेरूनच उघडते. येशूसंघी धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी पुढच्या वर्षी हातात बेड्या असताना चिंतने लिहिली. ती धुण्याच्या कपड्यांतून लपवून बाहेर नेण्यात आली. डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी, तर बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली.

कोविडच्या साथीने हा प्रश्न पुन्हा अंगावर आणला. २०२० च्या मार्चमध्ये चर्चेस बंद झाली आणि रुग्णालयांत नातेवाइकांनाच प्रवेश नव्हता, तेथे धर्मगुरूंना कोठून असणार? त्याच महिन्याच्या २० तारखेला व्हॅटिकनने स्पष्ट केले, की पापनिवेदन करणे शक्य नसेल तर मनापासूनचा पश्चात्ताप आणि संधी मिळताच निवेदन करण्याचा निश्चय पुरेसा आहे. ही शिकवण जुनीच होती. पण ती त्या वेळी लाखो घरांत प्रथमच गांभीर्याने वाचली गेली. प्रकृती खालावत असलेल्या रुग्णाला फोनवरून प्रार्थना ऐकवणे, परिचारिकेने त्याच्या कानाशी मोबाइल धरणे, हे तेव्हाचे अखेरचे विधी होते. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली आणि २९ नोव्हेंबरला आगमनकाळ सुरू झाला. बाकांवर अंतर राखून खुणा केलेल्या होत्या आणि त्या वर्षी गेलेल्यांच्या नावांसाठी चर्चांतून मिस्सा वाचल्या जात होत्या. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री अकरानंतर संचारबंदी लागू झाली, त्यामुळे नाताळची मिस्सा आणि ३१ डिसेंबरची वॉच नाइट या दोन्ही उपासना तेथे त्याआधीच उरकून लोकांना घरी परतावे लागले.